कॉर्टिसॉलची तपासणी घड्याळ बघून करायची असते

हल्ली ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिरातीत ऐंशी-नव्वद तपासण्यांची यादी असते आणि तीत थायरॉइड, व्हिटॅमिन डी यांच्या पंगतीला कॉर्टिसॉलही बसलेलं दिसतं. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट. आकडा लॅबच्या मर्यादेच्या जरा वर गेला की तो ठळक अक्षरांत येतो, आणि ‘स्ट्रेस हार्मोन’, ‘पोटावरची चरबी’ असं कुठेतरी वाचलेलं आठवून माणूस हबकतो. आकडा मर्यादेत असला तर तोच माणूस निर्धास्त होतो. दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत. शरीरात कॉर्टिसॉल प्रमाणाबाहेर तयार होतंय का, हे सकाळच्या एका रक्ताच्या नमुन्यावरून कळतच नाही. या विकाराच्या तपासणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये अशी तपासणी करू नका, असं स्पष्टपणे म्हटलेलं आहे.

कारण समजायला अवघड नाही. दोन्ही किडन्यांच्या वरच्या टोकाला असलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात. त्यांना हुकूम सोडते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी, एसीटीएच नावाच्या संप्रेरकामार्फत. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की पिट्युटरी हात आखडता घेते. हे सगळं दिवसभर एका पातळीवर चालत नाही. पहाटेपासून कॉर्टिसॉल चढायला लागतं, सकाळी सात-आठच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, मग उतरत उतरत मध्यरात्री जवळजवळ तळाला जातं. ज्याला विकार आहे त्याचं सकाळचं कॉर्टिसॉल बहुतेकदा निरोगी माणसाच्या सकाळच्या कॉर्टिसॉलइतकंच असतं. फरक पडतो तो रात्री. निरोगी माणसाचं उतरतं, याचं उतरत नाही. म्हणून या विकाराच्या खऱ्या तपासण्या रात्रीशी बांधलेल्या असतात, आणि त्यांतला निम्मा भाग लॅबमध्ये नाही, तुमच्या घरी होतो. रात्री अकराला गोळी घेणारे तुम्ही, लाळ गोळा करणारे तुम्ही, चोवीस तास लघवी साठवणारेही तुम्हीच. शेजारी कोणी तंत्रज्ञ उभा नसतो. म्हणूनच हा लेख.

विकाराचं नाव कुशिंग सिंड्रोम. हार्वी कुशिंग या अमेरिकन मेंदूशल्यविशारदाने १९१२ मध्ये अशा एका तरुण स्त्रीची हकिगत नोंदवली आणि पुढे १९३२ मध्ये पिट्युटरीतल्या छोट्या गाठींशी या लक्षणांचा संबंध सविस्तर मांडला. शरीरातच उगम असलेला हा विकार फार दुर्मीळ आहे, वर्षाला दहा लाखांत जेमतेम दोन-तीन नवे रुग्ण. त्यांतल्या बहुतेकांत दोष पिट्युटरीतल्या गाठीचा असतो, काहींत ॲड्रिनलच्या गाठीचा, आणि थोड्यांत फुप्फुसासारख्या भलत्याच ठिकाणची गाठ एसीटीएच सोडत असते. पुरुषांपेक्षा बायकांत तो कितीतरी जास्त आढळतो.

कोणी तपासावं?

वजन वाढलंय, थकवा येतो, बीपी आहे, शुगर आहे, पाळी अनियमित आहे, मन उदास आहे. ही यादी घेऊन कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात उभं राहिलं तर दर दुसऱ्या घरातून एक माणूस बाहेर येईल. यातलं एकेक लक्षण कुशिंगमध्ये असतंच, पण त्यावरून कुशिंग ओळखता येत नाही. डॉक्टरांची नजर जाते ती वेगळ्या खुणांकडे.

कुठे आपटल्याचं आठवत नाही आणि अंगावर काळे-निळे डाग. बांगड्या भरताना नुसतं दाबलं तरी मनगटाची कातडी काळवंडते. चेहरा गोल आणि लालसर. पोटावर, मांड्यांवर, काखेजवळ जांभळट ताणरेषा, त्याही बोटभर रुंद. बाळंतपणानंतरच्या किंवा वयात येतानाच्या रेषा बारीक आणि फिकट असतात, त्यांची इथे गल्लत करू नये. सावळ्या कातडीवर जांभळा रंग चटकन दिसत नाही, म्हणून रुंदी बघावी. रेषा १ सेंटिमीटरपेक्षा रुंद असतील तर डॉक्टरांना दाखवा. आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे दंड-मांड्यांतला जोर जाणं. हातपाय बारीक, पोट मोठं, आणि मांडी घालून बसलेल्या माणसाला हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही. देशी पद्धतीच्या संडासातून उठताना भिंत धरावी लागते, वरच्या फळीवरचा डबा काढताना हात थरथरतात. वजनाबरोबर ताकदही वाढायला हवी होती, ती घटतेय, हे घरच्यांच्याच आधी लक्षात येतं.

यात वयाचाही विचार असतो. पस्तिशीतल्या माणसाचं हाड किरकोळ धक्क्याने मोडलं, किंवा विशीत-तिशीत तीन-तीन गोळ्यांना न जुमानणारं बीपी निघालं, तर कारण शोधायलाच हवं. मुलांच्या बाबतीत एक खूण पक्की धरावी. नुसत्या जास्त खाण्याने जाड झालेलं मूल वयाच्या मानाने उंचच असतं. वजन वाढतंय पण उंची थांबली आहे, वर्गातली मुलं डोक्यावरून गेली, गेल्या वर्षीची विजार यंदा लांबीला तशीच बसते आणि कमरेला मात्र बसत नाही, असं दिसलं तर ‘बाळसं धरलंय’ म्हणून कौतुक करत बसू नका. बालरोगतज्ज्ञांकडून उंची-वजनाचा आलेख काढून घ्या.

आणखी एक गट आहे. मूतखड्यासाठी किंवा पोटदुखीसाठी सीटी स्कॅन केला आणि त्यात ॲड्रिनलवर गाठ दिसली, तर कुठलंही लक्षण नसलं तरी कॉर्टिसॉलची तपासणी करून घ्यावी लागते. अशा काही गाठी बाहेरून काहीही न दाखवता थोडं थोडं कॉर्टिसॉल सोडत राहतात आणि बीपी, शुगर, हाडं हळूहळू बिघडवतात.

बाकीच्यांनी हौसेने तपासणी करू नये, हे माझं ठाम मत आहे. ते का, हे आकड्यांतच बघा. सगळ्यांत जास्त वापरली जाणारी डेक्सामेथासोनची चाचणी खऱ्या रुग्णांपैकी शेकडा ९५ हून अधिक जणांना पकडते. ती उत्तम चाळणी आहे. पण ज्यांना विकार नाही अशा शंभरांपैकी सुमारे वीस जणांचा रिपोर्टही ती दोषी दाखवते. म्हणजे केवळ वजन जास्त आहे म्हणून दहा हजार लोकांची चाचणी केली, तर दोनेक हजार लोक हातात वाईट रिपोर्ट घेऊन फिरतील आणि त्यांत खरा रुग्ण कदाचित एकही नसेल. पुढचे स्कॅन, खर्च आणि झोपमोड वेगळीच.

आधी घरातली औषधं तपासा

कुठलीही तपासणी लिहून देण्याआधी डॉक्टरांनी एक प्रश्न विचारायलाच हवा, आणि त्यांनी नाही विचारला तर तुम्ही स्वतःहून सांगावं: स्टेरॉइड पोटात, अंगावर, नाकातोंडातून किंवा सुईतून जातंय का? गोल चेहरा आणि जांभळ्या रेषा घेऊन येणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या शरीरात गाठबीठ काही नसते. कॉर्टिसॉलची भावंडं बाहेरून आत आलेली असतात.

लोक ‘स्टेरॉइड? छे, कधीच नाही’ असं सांगतात ते खोटं बोलत नसतात. त्यांना माहीत नसतं. सांधेदुखी किंवा दम्यासाठी प्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट, बीटामेथासोन या गोळ्या डॉक्टरांनी कधीतरी आठवड्यापुरत्या दिलेल्या असतात आणि बरं वाटलं म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षानुवर्षं आणल्या जातात. गुडघ्यात किंवा खांद्यात घेतलेल्या इंजेक्शनचा परिणाम काही आठवडे टिकू शकतो. दम्याचा पंप, नाकातला फवारा हेही स्टेरॉइडच, जरी योग्य डोसमध्ये ते सहसा निरुपद्रवी असतात. गजकर्णावर किंवा चेहरा उजळावा म्हणून चोळलेलं मलम तर कोणी औषधात मोजतच नाही. त्या ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव बारीक अक्षरांत छापलेलं असतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. आपल्या गल्लीतल्या दुकानात तो नियम किती पाळला जातो ते वाचकांना ठाऊक आहे.

याहून अवघड प्रकार पुड्यांचा. ‘शंभर टक्के जडीबुटी’ म्हणून मिळणारी, नाव-पत्ता-घटक काहीही न छापलेली पावडर किंवा काळ्या गोळ्या दोन दिवसांत सांधे मोकळे करत असतील, भूक खवळवत असतील, दमा थांबवत असतील, तर त्यांत स्टेरॉइड मिसळल्याचा संशय घ्यावा. आयुर्वेदावर हा आक्षेप नाही. नोंदणीकृत वैद्य चिठ्ठी लिहितो, नाव सांगतो. बिननावाच्या पुडीला शास्त्र नसतं.

दोन औषधांची जोडीही घात करते. आपल्याकडे गजकर्णासाठी इट्राकोनाझोल सर्रास दिलं जातं. ते यकृतात स्टेरॉइडचा निचरा मंदावतं. त्याच काळात बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा पंप चालू असेल तर एरवी निरुपद्रवी असलेला डोस अंगात साठत जातो. एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाविरही हेच करतं.

बाहेरून स्टेरॉइड येत असेल तर रक्तात एक विचित्र दृश्य दिसतं. चेहरा कुशिंगचा, पण कॉर्टिसॉल अगदी तळाला, एसीटीएचही तळाला. कारण बाहेरचा पुरवठा बघून पिट्युटरी आणि ॲड्रिनल झोपी गेलेल्या असतात. (प्रेडनिसोलोन चालू असेल तर काही यंत्रं त्यालाच कॉर्टिसॉल समजून मोजतात आणि गोंधळ आणखी वाढतो.) इथे एक धोक्याची सूचना, आणि या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी ती विसरू नका. स्टेरॉइड चालू आहे हे कळल्यावर घाबरून ते एका दिवसात बंद करू नका. झोपलेली ॲड्रिनल ग्रंथी लगेच जागी होत नाही, तिला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. मध्येच ताप, जुलाब किंवा ऑपरेशन आलं तर उलट्या, पोटदुखी, चक्कर, बीपी खाली जाणं आणि बेशुद्धी इथपर्यंत मजल जाते, जीवही जातो. डोस कसा उतरवायचा हे डॉक्टर ठरवतील.

डेक्सामेथासोनची रात्र

आता मुख्य तपासणीकडे. तर्क असा: डेक्सामेथासोन हे जोरकस स्टेरॉइड आहे. त्याची थोडी मात्रा रात्री दिली की निरोगी पिट्युटरीला वाटतं, स्टेरॉइड भरपूर आहे, आपलं काम नाही. ती एसीटीएच सोडणं थांबवते आणि सकाळी कॉर्टिसॉल जवळपास शून्यावर येतं. ज्याची ग्रंथी स्वतःच्या मर्जीने चालते ती हा इशारा ऐकत नाही.

करायचं असं. रात्री ११ ते १२ च्या दरम्यान १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घ्यायचं. आपल्याकडे ही गोळी बहुधा अर्ध्या मिलिग्रॅमची मिळते, म्हणून दोन गोळ्या. पाकिटावरची मात्रा वाचून घ्या आणि चिठ्ठीतल्या मात्रेशी जुळवा. एक गोळी घेऊन चाचणी केली तर ती वाया गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान रक्त द्यायचं, दहाला नाही, साडेदहालाही नाही. लॅब घरापासून लांब असेल, किंवा घरी येऊन रक्त नेणारा मुलगा ‘सात ते अकरामध्ये कधीही येतो’ म्हणत असेल, तर वेळ आधी पक्की करा. रक्त देताना गोळी किती वाजता घेतली ते फॉर्मवर लिहायला सांगा. मधुमेह असेल तर दुसऱ्या दिवशी शुगर थोडी वर दिसू शकते, ती उतरते. गोळी घेतल्यावर उलटी झाली किंवा घ्यायची विसरलीत तर गुपचूप रक्त देऊन येऊ नका, सांगून दुसरी तारीख घ्या.

आता रिपोर्ट. इथे भले भले फसतात. समजा कॉर्टिसॉल ४.२ आलं. लॅबच्या संगणकाला तुम्ही रात्री गोळी घेतली होती हे माहीत नसतं. तो शेजारी नेहमीची सकाळची मर्यादा छापतो, साधारण ५-६ पासून १९-२५ पर्यंत, आणि ४.२ च्या पुढे कमी असल्याची खूण करतो. ८.५ आलं तर काहीच खूण नाही, म्हणजे ‘नॉर्मल’. प्रत्यक्षात डेक्सामेथासोननंतर कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर जाता कामा नये. ४.२ म्हणजे ते दबलेलं नाही. ८.५ म्हणजे तर नाहीच नाही. म्हणून या रिपोर्टमधली छापील मर्यादा, बाण, ठळक अक्षरं यांच्याकडे चक्क दुर्लक्ष करा. परदेशातल्या लॅबचा रिपोर्ट नॅनोमोल प्रति लिटरमध्ये असेल, तर तिथे हीच सीमा ५० ची असते. ५० आणि १.८ एकमेकांशेजारी ठेवून घाबरणारे लोक असतात, म्हणून सांगितलं.

१.८ पेक्षा कमी आलं तर कुशिंग जवळपास नाहीच असं मानायला हरकत नाही. जास्त आलं तर मात्र लगेच ‘आहे’ असं म्हणायचं नाही. आधी पाहायचं, गोळीने आपलं काम केलं का?

टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल, फिट येऊ नयेत म्हणून फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन किंवा कार्बामॅझेपिन चालू असेल, तर यकृत डेक्सामेथासोन भराभर निकालात काढतं. सकाळपर्यंत गोळीचा पत्ता नसतो आणि निरोगी माणसाचं कॉर्टिसॉलही चढलेलं दिसतं. अशांसाठी ही चाचणी निवडूच नये. टीबीची किंवा फिटची औषधं चाचणीसाठी बंद करणं तर अजिबात नको. उलट बाजूही आहे. इट्राकोनाझोल, फ्लुओक्सेटिन, डिल्टियाझेम अशी औषधं डेक्सामेथासोन रेंगाळत ठेवतात आणि खरा विकार झाकला जाऊ शकतो.

गर्भनिरोधक गोळ्यांचा मुद्दा बायकांनी नीट समजून घ्यावा. त्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात कॉर्टिसॉलला धरून ठेवणारं प्रथिन वाढतं. लॅब मोजते ते एकूण कॉर्टिसॉल, त्यामुळे आकडा फुगतो. गोळ्या घेणाऱ्या निम्म्या बायकांचा रिपोर्ट या एका कारणाने खोटा येऊ शकतो. ही चाचणी हवीच असेल तर सहा आठवडे आधी गोळ्या थांबवाव्या लागतात, अर्थात डॉक्टरांना विचारून आणि दुसरी सोय करून. तांबीचा त्रास नाही, तिच्यात हार्मोन नसतं. केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्यांमुळेही काही यंत्रं चुकीचा आकडा देतात. तपासणीआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवणं बरं.

काही ठिकाणी याच चाचणीचा दोन दिवसांचा प्रकार करतात. दर सहा तासांनी अर्धा मिलिग्रॅम, अशा आठ गोळ्या, आणि मग रक्त. सीमा तीच, १.८. खोटे रिपोर्ट कमी येतात, पण पहाटेचा गजर लावून गोळी घेणारा शिस्तीचा रुग्ण लागतो.

लाळ आणि लघवी

रात्रीच्या लाळेतलं कॉर्टिसॉल ही मला व्यक्तिशः सर्वांत सुटसुटीत वाटणारी तपासणी. सुई नाही, गोळी नाही. लाळेत मुक्त, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं कॉर्टिसॉलच उतरतं. तोटा एवढाच की प्रत्येक लॅब ती करत नाही, नमुना मोठ्या शहरातल्या लॅबकडे पाठवावा लागतो. लॅबकडून एक छोटी नळी मिळते, तिच्यात कापसाची किंवा तशीच एक वळी असते. रोजच्या झोपेच्या वेळी, साधारण ११ ते १२ च्या दरम्यान, ती तोंडात ठेवून एक-दोन मिनिटं चघळायची आणि नळीत टाकून झाकण लावायचं. असं दोन वेगवेगळ्या रात्री. एका रात्रीच्या आकड्यावर विसंबू नये.

बारकावे याच तपासणीत जास्त आहेत. नमुना घेण्याआधी दात घासू नका. हिरड्यांतून रक्त आलं तर लाळेत रक्तातलं कॉर्टिसॉल मिसळतं आणि नमुना फुकट जातो. थोडा वेळ आधीपासून खाणंपिणं बंद. वळीला बोट लावू नका. हाताला खाजेचं मलम लागलेलं असेल आणि त्यात हायड्रोकॉर्टिसोन असेल, तर यंत्राच्या दृष्टीने ते कॉर्टिसॉलच. आणि त्या दिवशी तंबाखू नको, सिगारेट नको, जेष्ठमध नको. सिगारेट ओढणाऱ्यांचं रात्रीचं कॉर्टिसॉल मुळात चढं असतं. खोकल्यावर, आवाज बसल्यावर जेष्ठमधाची काडी तोंडात धरायची सवय अनेक घरांत आहे. त्यातलं ग्लिसरायझिक आम्ल कॉर्टिसॉल निकामी करणाऱ्या एन्झाइमला अडवतं आणि लाळेतला आकडा खोटाच वाढतो. खाण्याच्या तंबाखूतही हा घटक असू शकतो. मशेरी लावणाऱ्या आजींना ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर त्या ‘नाही’ म्हणतात, त्यांच्या हिशेबी मशेरी म्हणजे तंबाखू नव्हे. तेव्हा मशेरीचं नाव घेऊनच विचारा. काढे आणि घशाच्या गोळ्यांच्या पाकिटावरही जेष्ठमध शोधा.

भांडण झालं, घरात आजारपण आहे, रात्री बाराला कोणी अचानक दार वाजवलं, अशा रात्री नमुना घेऊ नका. शांत रात्र निवडा. रात्रपाळी करणाऱ्यांना मात्र ही तपासणी लागूच पडत नाही. परिचारिका, पहारेकरी, अमेरिकेच्या वेळेवर काम करणारी आयटीतली मुलं यांचं कॉर्टिसॉलचं चक्र पाळीबरोबर सरकलेलं असतं. त्यांची मध्यरात्र म्हणजे भरदुपार. त्यांनी डेक्सामेथासोनची चाचणी करावी.

तिसरी तपासणी चोवीस तासांच्या लघवीची. दिवसभरात मुक्त कॉर्टिसॉल एकंदर किती बाहेर पडलं ते ती मोजते. लॅब मोठा कॅन देते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी संडासात सोडायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, शौचाला जातानाचीसुद्धा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची पहिली लघवी कॅनमध्ये घालून थांबायचं. पहिल्या दिवशीची पहिली धरली आणि दुसऱ्या दिवशीची सोडली, असा उलटा हिशेब बरेच जण करतात. कॅनमध्ये आधीच थोडं द्रव किंवा पावडर असेल तर ती ओतून धुऊ नका, ते टिकवण्याचं रसायन असतं. कॅन थंड जागी ठेवायचा, शक्यतो फ्रिजमध्ये. घरचे नाक मुरडतील, तर दुहेरी पिशवीत घालून खालच्या खणात ठेवा. नोकरदारांनी सुट्टीचा दिवस निवडावा. मध्ये एकदा जरी बाहेर लघवी झाली तर सांगून टाका आणि पुन्हा सुरू करा.

डॉक्टर त्याच नमुन्यात क्रिएटिनिनही बघतात, त्यावरून लघवी पूर्ण गोळा झाली का ते कळतं. दिवसाला पाच लिटर पाणी पिण्याचा नेम असेल तर आकडा खोटा वाढतो. किडनीचं काम मंदावलेलं असेल तर खोटा कमी येतो, म्हणून किडनीच्या रुग्णांत ही तपासणी निवडत नाहीत. हीसुद्धा निदान दोनदा करायची. गरोदरपणात डेक्सामेथासोनऐवजी हीच घेतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत निरोगी बाईच्या लघवीतलं कॉर्टिसॉलही नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतं, हे वाचणाऱ्याला माहीत हवं.

रिपोर्ट वाईट आला, मग?

आजारपणात, ऑपरेशननंतर, रुग्णालयात दाखल असताना ही कुठलीही तपासणी करू नये. अशा वेळी कॉर्टिसॉल वाढणं हेच शरीराचं काम आहे. तीव्र नैराश्य, दारूचं व्यसन, बेलगाम शुगर, फार जास्त लठ्ठपणा, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास यांतही कुशिंग नसताना कॉर्टिसॉल मर्यादेच्या थोडं वर जातं. ते कारण आटोक्यात आलं की तेही उतरतं. म्हणून सीमेच्या जरा वरचा एखादा रिपोर्ट आला की शहाणे डॉक्टर दुसऱ्या पद्धतीने पडताळा घेतात किंवा दोन-तीन महिने थांबून तीच तपासणी पुन्हा करतात. त्याला टाळाटाळ समजू नका. उलटही होतं. काही रुग्णांत कॉर्टिसॉल काही आठवडे चढतं आणि मग आपोआप उतरतं. खुणा ठसठशीत आहेत आणि रिपोर्ट चांगला, तर लक्षणं जोरात असतील त्या दिवसांत लाळ किंवा लघवी पुन्हा तपासावी.

एक मोह आवरावा, थेट एमआरआयचा. निरोगी दहा माणसांच्या पिट्युटरीचा एमआरआय काढला तर त्यांतल्या एखाद्यात काहीतरी बारीक ठिपका दिसतोच, आणि कुशिंग असलेल्या कितीतरी रुग्णांत गाठ इतकी छोटी असते की ती दिसतच नाही. विकार आहे हे रक्त-लाळ-लघवीतून सिद्ध व्हायच्या आधी काढलेला फोटो दिशाभूल करतो. क्रम असा: आधी दोन वेगवेगळ्या पद्धतींनी जास्तीचं कॉर्टिसॉल पक्कं करायचं, मग एसीटीएच मोजून दोष कुठल्या मजल्यावर आहे ते ठरवायचं, आणि मगच ॲड्रिनलचा सीटी किंवा पिट्युटरीचा एमआरआय. ही पुढची वाट एण्डोक्रायनॉलॉजिस्टची, म्हणजे हार्मोनतज्ज्ञाची. हे तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. खाजगी खर्च झेपत नसेल तर सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात एण्डोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. निदान पक्कं झालं तर बहुतेकांवर शस्त्रक्रिया हाच पहिला उपाय असतो, आणि पिट्युटरीची गाठ कवटी न उघडता नाकातून काढता येते.

पहिल्या भेटीला जाताना चालू असलेल्या आणि गेल्या वर्षभरात घेतलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं न्या, यादी नको, पाकिटंच. मलमाच्या ट्यूबा, दम्याचा पंप, काढ्याची बाटली, बिननावाची पुडीसुद्धा. चार-पाच वर्षांपूर्वीचे लग्नाकार्यातले दोन-तीन फोटो न्या, चेहरा कधी बदलला ते त्यांतून दिसतं. प्रत्येक रिपोर्टवर गोळी किती वाजता घेतली आणि नमुना किती वाजता दिला हे पेनाने लिहून ठेवा. ते लिहिलेलं नसेल तर तो रिपोर्ट डॉक्टरांच्या उपयोगाचा नाही.